काटा दीड किलोने चढला म्हणून रात्रीचं जेवण सोडू नकोस

प्रिय मुली,

तुझा मेसेज वाचला. तीन आठवडे तोंडावर ताबा ठेवलास, आठ दिवसांपूर्वी जिममध्ये वजनं उचलायला लागलीस, आणि काटा ६२.१ वरून ६३.५ वर गेला. ‘उद्यापासून रात्रीचं जेवण बंद’ असं शेवटी लिहिलंयस. तेवढं एक करू नकोस. का, ते सविस्तर सांगते.

आधी हिशेब करू. एक किलो चरबीत साधारण ७,७०० कॅलरी असतात. म्हणजे आठ दिवसांत १.४ किलो चरबी चढवायला तुला गरजेपेक्षा दहा हजारांहून जास्त कॅलरी जादा खाव्या लागल्या असत्या. रोजच्या तेराशेच्या वर. तू खाणं लिहून पाठवलंयस: सकाळी दोन अंडी, डब्यात दोन पोळ्या आणि भाजी, रात्री एक भाकरी आणि आमटी. यात वरच्या तेराशे कॅलरी कुठे लपणार? एखाद्या दिवशी हात सैल सुटेल, पण रोज एवढा नाही.

ट्रेनर म्हणाला, ‘मसल वाढलाय, टेन्शन नको.’ टेन्शन नको हे बरोबर. पण आठ दिवसांत, तेही कमी खात असताना, दीड किलो स्नायू कुणाच्याच अंगावर चढत नाहीत. हे मुद्दाम सांगते, कारण असला दिलासा महिनाभर पुरतो आणि मग माणसाचा चांगल्या सल्ल्यावरचाही विश्वास उडतो.

चढलंय ते बहुतेक सगळं पाणी आहे. पहिल्यांदा स्क्वॉट आणि लंजेस हे मांड्यांचे व्यायाम केलेस, त्यानंतर दोन दिवसांनी ऑफिसचा जिना कठडा धरून, पाऊल आडवं टाकत उतरत होतीस ना? सवय नसलेल्या व्यायामाने स्नायूंच्या तंतूंना बारीक इजा होते. ती भरून काढायला शरीर तिथे सूज आणतं, आणि सूज म्हणजे पाणी. दुखणं दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सर्वांत जास्त असतं, नंतर ओसरतं. पाणी त्यामानाने सावकाश ओसरतं, कारण दुखणं थांबायच्या आत तू पुढचा व्यायाम केलेला असतोस. शरीराला सवय झाली की ही सूज आपोआप कमी होते.

दुसरं पाणी साखरेबरोबर येतं. स्नायू स्वतःच्या आत ग्लायकोजेन नावाची साखर साठवतात आणि तिच्या दर ग्रॅमबरोबर सुमारे तीन ग्रॅम पाणी धरून ठेवतात. डाएटच्या पहिल्या आठवड्यात तुझं वजन झरझर उतरलं आणि तू खूश झालीस, त्यातलं बरंचसं याच साठ्यातलं पाणी होतं. आता स्नायूंना काम मिळालंय, म्हणून ते साठा पुन्हा भरतायत. भिजवलेली डाळ जड लागते म्हणून डाळ वाढली असं आपण म्हणत नाही, तसंच हे.

शिवाय शनिवारची मिसळ. खाल्लीस त्यात काहीच वाईट नाही, पण तर्री, फरसाण आणि वरचं लोणचं यांतलं मीठ दुसऱ्या दिवशी पाणी धरून ठेवतंच. एकादशीच्या साबुदाणा खिचडीनंतरही हेच होतं. पोट दोन दिवस साफ झालं नसेल तर तेही काट्यावर दिसतं. आणि पाळीची तारीख बघ. पाळीच्या आधीच्या आठवड्यात कित्येकींचं वजन किलोभर चढतं आणि पाळी सुरू झाल्यावर उतरतं. म्हणून या आठवड्याची तुलना गेल्या आठवड्याशी करू नकोस, गेल्या महिन्यातल्या पाळीच्या याच दिवसांशी कर. बायकांना हे कुणी सांगत नाही, आणि दर महिन्याला त्याच चार दिवसांत किती जणी डाएट सोडून देतात!

क्रिएटिन, म्हणजे जिमवाले ताकदीसाठी घेतात ती पावडर, घ्यायचं का, असं विचारलंयस. घेतलंस तर त्यानेही स्नायूंत पाणी भरतं आणि सुरुवातीला वजन किलोभर वाढू शकतं. तयारी असेल तर रोज ३ ते ५ ग्रॅम पुरतं. मूत्रपिंडाचा काही त्रास असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. माझं मत विचारशील तर पहिले दोन महिने थांब. आधीच काट्याने तुला छळलंय, त्यात आणखी एक कारण कशाला वाढवायचं.

मग वजन करूच नये का? कर, पण रीतीने. सकाळी उठून, शौचाला जाऊन आल्यावर, पाणी पिण्याआधी, तोच काटा, सपाट फरशीवर. गादीवर, सतरंजीवर नको. रोजचा आकडा लिहून ठेव आणि आठवड्याची सरासरी काढ. बघायची ती फक्त सरासरी. रोजचा आकडा बघून दिवस खराब जात असेल तर काटा माळ्यावर टाक आणि आठवड्यातून एकदाच काढ. आणि आकड्याच्या भीतीने जेवण टाळणं, खाऊन ओकणं, पोट साफ करायच्या गोळ्या घेणं यांतलं काही सुरू झालं असेल तर माझ्याशी आणि डॉक्टरांशी मोकळेपणाने बोल. तिथे डाएट नाही, मदत लागते.

काट्याच्या जोडीला टेप ठेव. बेंबीच्या रेषेत, श्वास सोडून, पोट आत न ओढता माप घे. भारतीय बायकांसाठी कंबर ८० सेंटिमीटरच्या आत असावी असं धरतात, पुरुषांसाठी ९०. आपल्याकडे हे माप वजनापेक्षा जास्त बोलतं. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि ब्रिटनमधले डॉ. जॉन युडकिन यांचा शेजारी-शेजारी काढलेला फोटो २००४ साली ‘द लॅन्सेट’मध्ये छापून आला. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, अगदी सारखा, २२.३. पण शरीरातली चरबी युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के! आपण भारतीय सडपातळ दिसूनही चरबी बाळगतो, तीही पोटावर जास्त, आणि स्नायू कमी. म्हणून मी तुला नुसतं चाल असं न म्हणता वजनं उचल म्हटलं. रात्रीचं जेवण सोडलंस तर जे स्नायू आपल्याकडे मुळात कमी, तेही चरबीबरोबर गमावू शकतेस. उलट प्रथिनं वाढव. रात्रीच्या भाकरीबरोबर मूठभर सोया चंक्सची उसळ किंवा शंभर ग्रॅम पनीर घे. वाटीभर पातळ आमटीवर सगळी मदार ठेवू नकोस, तिच्यात पाणीच जास्त असतं.

या पत्राच्या आधाराने हयगयही नको. सहा आठवडे झाले, मधे पाळी येऊन गेली, आणि तरी सरासरी आणि कंबर दोन्ही हलले नाहीत, तर पाण्याला दोष देऊ नकोस. तेव्हा खाणं मोजायचं. फोडणीपासून सुरुवात कर: टेबलस्पूनभर तेलात १२० कॅलरी असतात आणि ते कुणी डायरीत लिहीत नाही. शेंगदाण्याच्या चटणीचंही तसंच. त्यातूनही काही निघालं नाही आणि थकवा, पाळी अनियमित असं काही असेल तर थायरॉइड तपासून घे.

दोन गोष्टींत मात्र थांबायचं नाही. व्यायामानंतर स्नायू असह्य दुखून लघवी चहासारखी गडद झाली, किंवा पावलं सुजून बोट दाबल्यावर खड्डा राहतोय आणि दम लागतोय, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठ.

पुढच्या पाळीनंतरच्या आठवड्याची सरासरी आणि कंबरेचं माप मला पाठव. सोबत वहीतले आकडेही, किती किलोचा स्क्वॉट किती वेळा झाला ते. आणि उजवा गुडघा आत वळतो म्हणालीस, त्याचा व्हिडिओ समोरून काढून पाठव. तो बघितल्याशिवाय बारवर वजन वाढवू नकोस.

तुझी,
ताई