कॅप्सूल बंद केल्या आणि आजार पसरला तर?

पत्नीची स्तनाच्या कॅन्सरसाठी केमो चालू होती. नवऱ्याने पिशवीतून डब्या काढून माझ्यासमोर मांडल्या : क जीवनसत्त्व, लायसिन आणि प्रोलीन (ही दोन्ही प्रथिनांचे घटक असलेली अमिनो आम्लं), ग्रीन टीचा अर्क, सेलेनियम हे खनिज. "मॅडम, हे सगळं एकत्र दिलं की कॅन्सर पसरत नाही, असं संशोधन आहे. डॉक्टरांना अजून सांगितलं नाही, ते बंद करायला लावतील. आणि बंद केल्यावर पसरला तर?" (ओळख पटेल असे तपशील मी बदलले आहेत.)

ही धास्ती मला अनेक घरांत भेटते. त्यांनी वाचलेलं खोटं नव्हतं. कॅन्सरच्या पेशी पसरताना भोवतालचं कोलॅजेन या प्रथिनाचं जाळं विरघळवणारी विकरं (एन्झाइम) वापरतात. या द्रव्यांच्या मिश्रणाने ती विकरं कमी झाली, उंदरांमधल्या गाठी सावकाश वाढल्या, असे प्रयोग झालेत. पण प्रयोगशाळेतल्या पेशी थेट त्या द्रावणात बुडालेल्या असतात. तोंडाने घेतलेलं क जीवनसत्त्व दिवसाला 1 ग्रॅमच्या वर गेलं की निम्म्याहून कमी शोषलं जातं. जास्तीचं लघवीवाटे निघून जातं.

अशा प्रकारच्या गोळ्यांच्या माणसांवरच्या मोठ्या चाचण्यांचे निकाल तर सावध करणारे आहेत. फिनलंडमध्ये धूम्रपान करणाऱ्या पुरुषांना बीटा कॅरोटीन (शरीरात ज्याचं अ जीवनसत्त्व बनतं ते द्रव्य) दिलं, तेव्हा फुप्फुसाचा कॅन्सर 18 टक्क्यांनी वाढलेला दिसला. हा निकाल 1994 चा. पुढे सेलेनियम आणि ई जीवनसत्त्व, वेगवेगळं आणि एकत्रही, 35 हजारांहून अधिक पुरुषांना दिलं. फायदा दिसेना म्हणून 2008 मध्ये गोळ्या थांबवल्या. 2011 च्या अहवालात नुसतं ई घेणाऱ्यांमध्ये प्रोस्टेटचा कॅन्सर 17 टक्के जास्त आढळला. या चाचण्या कॅन्सर टाळण्यासाठी होत्या, उपचारासाठी नव्हत्या, हेही मी त्यांना सांगितलं. मात्र केमोच्या काळात क, ई जीवनसत्त्वांसारख्या अँटिऑक्सिडंट गोळ्या घेणाऱ्या स्तनाच्या कॅन्सरच्या रुग्णांमध्ये आजार उलटण्याचं प्रमाण जास्त असावं, असा इशारा 2020 च्या एका अभ्यासाने दिला आहे. त्यात अशा रुग्णांची संख्या कमी होती, त्यामुळे तो पुरावा ठरत नाही. ग्रीन टीच्या तीव्र अर्काने काहींच्या यकृताला इजा होते, ते मात्र नक्की.

मग मी पत्नीकडे वळले. "ताई, दिवसभरात पोटात काय जातं?"

"सकाळी या गोळ्या घेतल्या की मळमळतं. जेवणाची इच्छाच राहत नाही. ह्यांना वाईट वाटेल म्हणून बोलले नाही."

नवऱ्याने वही उघडली. प्रत्येक कॅप्सूलची वेळ, मात्रा, समोर टिकमार्क, सगळं काटेकोर. जेवणाची नोंद एकही नव्हती. वजनाचीही नाही, आणि ते घटत चाललं होतं. माझ्या मते खरा धोका इथे होता. कॅन्सरच्या रुग्णाला रोज किलोमागे 1 ग्रॅमहून जास्त, जमल्यास 1.5 ग्रॅम प्रथिनं मिळावीत आणि कमतरता नसताना जीवनसत्त्वांचे मोठे डोस देऊ नयेत, असं युरोपातल्या पोषणतज्ज्ञांची मार्गदर्शक तत्त्वं सांगतात. ज्या पोटात अन्न जायला हवं होतं, तिथे कॅप्सूल जात होत्या.

तरी मी डब्या बाजूला सारल्या नाहीत. "केमो डॉक्टर देतात, माझ्या हातात एवढंच आहे," असं ते म्हणाले होते. अशा माणसाला 'हे थोतांड आहे' म्हणून उडवून लावणं मला निर्दयपणाचं वाटतं. शिवाय त्याने लपवाछपवी वाढते. आम्ही तिघांनी मिळून एका कागदावर नावं, मात्रा आणि कधीपासून चालू आहे ते लिहिलं. डॉक्टर रागावतील म्हणून ते घुटमळत होते. पुढच्या केमोला ताईंनी स्वतःच तो कागद डॉक्टरांच्या हातात दिला.

डॉक्टर रागावले नाहीत. त्यांनी पाचही गोळ्या थांबवल्या आणि रक्त तपासलं. ड जीवनसत्त्व कमी निघालं, तेवढं चालू केलं. आहारतज्ज्ञांनी थोडं थोडं, दर दोन-अडीच तासांनी खायला सांगितलं. त्याची नोंद ठेवायचं काम नवऱ्याने आपणहून घेतलं. काही आठवड्यांत वजन घटायचं थांबलं.

पण पहिला प्रश्न त्यांच्या मनातून गेला नव्हता. मी म्हटलं, "पुढे काय होईल ते मी सांगू शकत नाही. पण या गोळ्या चालू असत्या तर आजार थांबला असता, असं म्हणायला आज आधार नाही. उद्या काही वाईट झालं, तर ते तुम्ही गोळ्या बंद केल्यामुळे झालं असं मनाला लावून घेऊ नका." ते बराच वेळ रडले. ताईंनी त्यांचा हात धरला आणि मला विचारलं, "यांनाही एकट्याने तुमच्याकडे येता येईल का?" पुढची वेळ आम्ही त्यांच्या एकट्यासाठी ठरवली.