केंद्रावरून परत आलेल्या सोयाबीनबद्दल

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

तुझा निरोप काल रात्री उशिरा वाचला. हमीभावाच्या खरेदी केंद्राच्या रांगेत तीन दिवस आणि दोन रात्री ट्रॅक्टरवर काढल्यास, नंबर लागला, आणि मीटरवर ओलावा १२ टक्क्यांच्या मर्यादेपेक्षा जास्त, १३.८ टक्के आला म्हणून २० क्विंटल सोयाबीन घेऊन परत फिरलास. खाली लिहिलंयस, 'काका, गेटवरचा व्यापारी क्विंटलला ४१०० म्हणतोय, उद्या देऊन टाकतो, डोक्याचा ताप जाईल.' हे शेवटचं वाक्य वाचून मला झोप लागली नाही. म्हणून पहाटे उठून लिहायला बसलो.

आधी एक सांगतो. तुझं वाईट वाटणं खरं आहे. सप्टेंबरातल्या अतिवृष्टीत तुझं निम्मं रान पाण्याखाली होतं. जे हाती आलं ते तू गाळातून काढलंस, डागी दाणे बाजूला केलेस, नोंदणीला सातबारा आणि पीकपेरा घेऊन दोनदा चकरा मारल्यास. एवढं करून रांगेच्या टोकाला गेल्यावर कुणी मूठभर दाणे मीटरमध्ये टाकून 'घेऊन जा' म्हणतो, तेव्हा माणसाच्या पायातलं बळ जातं. मला ते ठाऊक आहे.

२०१७ ची गोष्ट तुला मी कधी सांगितली नाही, कारण ती सांगताना मला अजून त्रास होतो. २०१५ मध्ये तूरडाळ दोनशे रुपये किलोवर गेलेली सगळ्यांनी पाहिली होती, म्हणून २०१६ च्या खरिपात जो तो तुरीकडे वळला. त्यात दोन दुष्काळी वर्षांनंतर पाऊस चांगला झाला. तूर मायंदाळ पिकली आणि बाजार पडला. हमीभाव बोनससह ५०५० होता, तर बाहेर ३७०० ला मागायचे. मग सगळे केंद्रांकडे धावले. कधी बारदाना संपला, कधी काटा बंद. मी पाच रात्री ट्रॉलीवर झोपलो. २२ एप्रिलला खरेदी थांबली आणि माझ्यापुढे अजून चाळीस-बेचाळीस ट्रॉल्या उभ्या होत्या.

त्या रात्री मी रागाने पेटलो होतो. सकाळी गेटवरच्या माणसाला १८ क्विंटल तूर ३७०० ने घालून मोकळा झालो. घरी आलो, आंघोळ केली, दिवसभर झोपलो. आणि आठवडाभरात राज्य सरकारने जाहीर केलं की २२ एप्रिलपर्यंत केंद्रांवर आलेली तूर ५०५० नेच घेणार. माझ्या मागे उभा असलेला म्हातारा तिथेच थांबला होता. त्याची तूर गेली. माझे २४,३०० रुपये गेले, आणि त्या वर्षी तुझ्या ताईच्या लग्नाची बोलणी चालू होती.

सरकार दर वेळी असं जाहीर करेल म्हणून थांब, असं मी म्हणत नाही. तसं कुणालाच सांगता येत नाही. पण पाच रात्री मला जेवढा तोटा झाला नाही तेवढा मी शेवटच्या एका तासात करून घेतला. रांगेतून रिकाम्या हाताने फिरलेला माणूस हिशेब करत नाही. त्याला फक्त ते ओझं उतरवायचं असतं. आणि गेटवर उभा असलेला व्यापारी नेमका त्या तासाची वाट बघत असतो. ४१०० हा भाव त्याने तुझ्या सोयाबीनला लावलेला नाही, तुझ्या दमलेपणाला लावलाय. म्हणून माल परत आल्यावर निदान चार दिवस विकू नकोस. एवढं माझं ऐक.

आता हिशेब करू. १३.८ टक्के ओलाव्याचा २० क्विंटल माल १२ टक्क्यांवर वाळवला तर साधारण ४१ किलो वजन घटेल. राहिला १९ क्विंटल ५९ किलो. २०२५-२६ च्या ५३२८ च्या हमीभावाने त्याचे १ लाख ४ हजारांच्या वर होतात. ४१०० ने आज दिलास तर ८२ हजार, तेही व्यापाऱ्याने ओलाव्यापोटी काही कापलं नाही तर. फरक २२ हजारांचा. ट्रॅक्टरचं दुसरं भाडं, हमाली, चहापाणी, दोन दिवसांची मजुरी, सगळं मिळून ५ हजार धर. तरी १७ हजार उरतात. हे आकडे तू स्वतः वहीत मांड, माझ्या शब्दावर जाऊ नकोस.

वाळवण्याचं सांगतो, कारण यंदा बरीच पोरं इथेच चुकताहेत. तू म्हणतोस घरून निघताना माल खडखडीत होता. असेलही. पण दोन रात्री उघड्यावर, वरून एकच ताडपत्री, आणि हे दिवस दहिवराचे. सोयाबीन हवेतला ओलावा ओढून घेतं. सकाळी ट्रॉलीच्या कडेच्या पोत्यांना हात लावून पाहिला असतास तर गार लागली असती. शिवाय ग्रेडरने, म्हणजे केंद्रावर माल तपासणाऱ्याने, नमुना कुठून घेतला? कडेच्या एकाच पोत्यातून घेतला असेल तर मधला माल त्याने पाहिलाच नाही. पुढच्या वेळी चार कोपरे आणि मधला, असा पाच ठिकाणचा नमुना एकत्र करून तुझ्यासमोर मीटर लावा, असं हात जोडून पण ठामपणे म्हण. परत पाठवलं तर कारण आणि आकडा कागदावर माग. तुझी नोंदणी चालू आहे ना, पुढची तारीख कधीची, हे फाटकाबाहेर पडायच्या आधी विचारायचं. काल तू विचारलं नाहीस, म्हणून आज फोन करून विचार.

सोयाबीन डांबरी रस्त्यावर पसरू नकोस. गाड्यांखाली दाणा फुटतो, खडे मिसळतात, आणि काडीकचरा दोन टक्क्यांच्या वर गेला की पुन्हा तेच. अंगणात ताडपत्रीवर दोन-तीन इंचांचा थर कर, तासाभराने हलवत राहा. ऊन उतरायच्या आत गोळा करून झाक, दहिवर पडायच्या आधी. पोत्यात भरताना दाणा निवलेला असू दे. गरम भरला की आतल्या आत घाम सुटतो. पोती फळ्यांवर ठेव, जमिनीवर नको. असं चांगलं ऊन दोन-तीन दिवस लागलं की पुरे. आणि नेण्याआधी अर्धा किलोचा नमुना घेऊन गावातल्या कुणाकडेही मीटर असेल तिथे तपासून घे. १२ च्या निकषाला ११ नेच जायचं, १२ ने नाही, कारण रांगेतली एक रात्र अर्धा-पाऊण टक्का परत देते.

२०२४-२५ च्या हंगामात केंद्र सरकारने ओलाव्याची ही मर्यादा १५ टक्क्यांपर्यंत शिथिल केली होती. तुझ्या डोक्यात तेच बसलं असणार. पण ती सवलत त्या हंगामापुरती होती. तुला अडवणाऱ्या पोराचा यात दोष नाही, तू त्याच्यावर ओरडलास ते बरं केलं नाहीस. तोही तीन दिवस शिव्या खातोय.

तुझी खरी अडचण मला कळते. रब्बीच्या खताचे पैसे द्यायचेत, आणि थांबायला सांगणाऱ्याला ते द्यायचे नाहीत. म्हणून हे नीट वाच. कृषी पणन मंडळाची शेतमाल तारण कर्ज योजना १९९०-९१ पासून चालू आहे. बाजार समितीच्या गोदामात माल ठेवायचा, त्याच्या किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंत रक्कम ६ टक्के व्याजाने १८० दिवसांसाठी मिळते. ४१०० चा भाव धरला तरी तुला साठ हजारांच्या आसपास उचल होईल आणि सहा महिन्यांचं व्याज दोन हजारांच्या आत राहील. सगळ्याच बाजार समित्या ही योजना राबवत नाहीत, म्हणून आपल्याकडे चालू आहे का आणि गोदामात जागा आहे का, हे दोन प्रश्न सोमवारी सकाळी सचिवांना जाऊन विचार. सातबारा आणि आधार सोबत ने. मी ही योजना २०१७ मध्ये कानाआड केली होती. रांगेत माझ्याशेजारचा एक जण सांगत होता आणि मी म्हणालो, असल्या भानगडीत कोण पडतं.

समजा तारण जमलं नाही, केंद्रावर तारीखही मिळाली नाही, तर मग विक. पण तेव्हा तीन आडत्यांना नमुना दाखवून, वाळलेला, चाळलेला माल घेऊन, सकाळच्या वेळी विक. फाटकावर अंधारात नाही. सगळा एकदम न घालता खतापुरते पाच-सहा क्विंटल मोडले तरी चालतं, बाकीचा ठेवता येतो.

तुझ्या आईला सांग, मोठी ताडपत्री माझ्याकडे आहे, आज दुपारी गड्याच्या हाती पाठवतो. मीटर आपल्या गटाच्या अध्यक्षांकडून मागून घेतो. रविवारी दहा वाजता, दहिवर सुकल्यावर येईन, आपण दोघं मिळून पोती उघडू. तोवर व्यापाऱ्याचा फोन आला तर त्याला सांग, काका बघून गेल्यावर कळवतो.

तुझा,
काका