परदेशी फंड घेण्याआधी एवढं बघ

भावा, राजारामपुरीत बसून मोबाइलवर अमेरिकेचे शेअर घेता येतात म्हणून पैसा मोकळा झाला असं समजू नकोस. रिझर्व्ह बँकेच्या नियमानं माणशी आर्थिक वर्षाला 2,50,000 डॉलरच बाहेर पाठवता येतात. आपल्याला तेवढे कुठले लागायला, ते सोड. तुला अडवणारी मर्यादा दुसरीच आहे: सगळ्या म्युच्युअल फंडांना मिळून परदेशात 7 अब्ज डॉलर. 2022 च्या सुरुवातीला ती भरत आली आणि फंडांनी नवे पैसे घेणं थांबवलं. मागणी तशीच राहिली, मग नॅसडॅक या अमेरिकी शेअर निर्देशांकाचे ईटीएफ (शेअरसारखे बाजारात विकले जाणारे फंड) आतल्या शेअरच्या किमतीपेक्षा चढ्या भावानं विकले जायला लागले. म्हणून घेताना आयएनएव्ही (ईटीएफमधल्या शेअरची त्या वेळची अंदाजे किंमत) आणि बाजारभाव शेजारी ठेवून बघ. फरक मोठा दिसला तर हात आवर. तो फरक उतरला की निर्देशांक न पडताही खिशाला चाट बसते.

देशांनी पैशाच्या ये-जावर घातलेली अशी बंधनं वाईटच असतात असंही नाही. मलेशियानं सप्टेंबर 1998 मध्ये आपलं चलन रिंगिट डॉलरला 3.80 वर बांधला आणि परदेशी गुंतवणूकदारांचा शेअरबाजारातला पैसा वर्षभर अडकवला. त्यापायी शेअर निर्देशांक बनवणाऱ्या एमएससीआय कंपनीनं मलेशियाला निर्देशांकातून काढलंही. मला चिलीची 1991 ची तऱ्हा जास्त पटते: येणाऱ्या पैशातलाच काही भाग मध्यवर्ती बँकेत बिनव्याजी ठेवायला लावायचा. त्यानं एकूण ओघ फारसा आटला नाही, पण अल्पमुदतीचा पैसा घटून दीर्घमुदतीचा वाढला.

आणि हो, एसआयपी चालू करण्याआधी त्या फंडात नवी एसआयपी घेतात का ते वाच. बारीक अक्षरात असतं.