कंत्राटावर लागलेल्या नव्या मुलीला

बाय, वेर्ण्याला पॅकिंगमध्ये लागलीस, बरं झालं. पण एक आधीच सांगते. त्याच कंपनीत ऑफिसात बसणारी बाईही बाईच, पण तिचं आणि तुझं बाईपण सारखं नाही. तिला दिवस गेले तर ती रजेचा अर्ज करते. कंत्राटावरची मुलगी बहुतेक वेळा गुपचूप कामच सोडते, कारण तिला कुणी काही सांगितलेलंच नसतं.

खरं तर कंत्राटावर असलीस तरी प्रसूतीची रजा तुझी आहे. प्रसूतीच्या अपेक्षित तारखेआधीच्या 12 महिन्यांत 80 दिवस काम भरलं असेल, तर पहिल्या दोन मुलांपर्यंत 26 आठवडे पगारी. म्हणून हजेरीचा आणि पगाराच्या पावतीचा फोटो दर महिन्याला काढून ठेव. ठेकेदाराने पगार थकवला तर मूळ कंपनीला तो द्यावा लागतो.

सुपरवायझर अंगचटीला आला तर गप्प बसू नकोस. कामाच्या जागी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धच्या 2013 च्या कायद्याने तीन महिन्यांच्या आत लेखी तक्रार करता येते. तुझी आई दुसऱ्यांच्या घरी धुणीभांडी करते ना? तिलाही हा कायदा लागू आहे. तिची तक्रार घ्यायला जिल्ह्याची स्थानिक समिती असते. तिला हे आजच सांग, कारण घरकामवालीला कोण सांगायला जातं?

आणि पगार तुझ्याच खात्यात येऊ दे. भावाच्या नको, कितीही प्रेमळ असला तरी. एटीएमचं कार्डही तुझ्याच पर्समध्ये हवं.