बरंय म्हणू नकोस, आकडा लिही

पोरी,

तुझ्या आईकडून कळलं. तीन दिवस अंगात ताप होता आणि तू कुणाला बोलली नाहीस. कसं वाटतंय विचारलं की ‘बरंय’. खोल श्वास घेतला की टोचत होतं, तरी ‘बरंय’. शेवटी आईच चिपळूणला घेऊन गेली आणि हृदयाभोवती पुन्हा थोडं पाणी दिसलं. यावेळी गोळ्यांवर भागलं, मुंबईला न्यावं लागलं नाही. फोन करणार होते, पण फोनवर तू मलाही ‘बरंय’च म्हणाली असतीस. म्हणून लिहायला बसले.

तू गप्प का बसलीस ते मला कळतं. हृदयाच्या झडपेचं ऑपरेशन सरकारी योजनेतून झालं तरी मुंबईची एक खेप म्हणजे गाडीभाडं, राहायची सोय, दादाची रजा. बाबांनी कलमांवर आगाऊ पैसे उचललेत हे सगळ्या वाडीला माहीत आहे. एकदा पाणी काढायला परत नेलंच होतं, आता आणखी कुठे, असं तुझ्या मनात आलं असणार. पण तुझ्या तोंड मिटून बसण्याने बाबांचा एक रुपया वाचत नाही गं. लवकर नेलं तर गोळ्या, उशिरा नेलं तर आयसीयू. दोन्हींची बिलं आमच्या घराने भरली आहेत.

म्हणून वही कर. दुकानातली साधी दोनशे पानी आण आणि स्वयंपाकघरात खिळ्याला टांग, पेन सुतळीने बांधून. खोलीत कपाटात ठेवलीस तर दोन दिवसांत बंद पडेल. सकाळी उठलीस, लघवीला जाऊन आलीस, की चहाच्या आधी काट्यावर उभी राहा. वजन लिही. ताप बघून लिही. मनगटावर बोटं ठेवून नाडी पूर्ण एक मिनिट मोज. पंधरा सेकंद मोजून चारने गुणू नकोस, तुझे ठोके मधेच अनियमित होतात, त्यात ते गणित चुकतं. संध्याकाळी रक्त पातळ करायची गोळी घेतलीस की तिथेच खूण. रडू आलं तर तेही लिही. मोठ्या ऑपरेशननंतर कित्येकांना कारण नसताना रडू येतं, त्यात लपवण्यासारखं काही नाही.

एका दिवसात किलोभर किंवा आठवड्यात दोन किलो वजन वाढलं, तर ते आईच्या हातचं खाऊन वाढलेलं नाही. पाणी साठतंय. ताप १००.४ च्या वर गेला, आडवं पडलं की छातीत वाढतं आणि पुढे वाकून बसलं की हलकं वाटतं, असं झालं तर त्याच दिवशी फोन. शौचाला काळं झालं, हिरड्यांतून रक्त थांबेना, डोक्याला मार लागला, बोलताना जीभ जड झाली, तर फोनवर विचारत बसायचं नाही. १०८ ला बोलवायचं, नाहीतर मिळेल त्या गाडीने निघायचं.

हे मी पुस्तकातून सांगत नाही. माझी बायपास झाली तेव्हा पायातली शीर काढलेली जखम चिघळली, ठोके बिघडले, आणि घरी आल्यावर डाव्या फुप्फुसाशी पाणी साठलं. तेव्हाही पाऊसच होता. खानावळ बंद होती आणि पडवीत रोज कुणी ना कुणी बघायला यायचं. सगळ्यांचं एकच, ‘मावशी, चेहऱ्यावर तेज आलंय.’ तेज कसलं, सूज होती ती! मी वही दाखवायचे तर आमचे हे म्हणायचे, ‘पोहे दोन वेळा खाल्लेस, वाढणारच वजन.’ दीर म्हणाले, पाऊस उतरू दे मग बघू. मी वही त्यांच्या ताटाशेजारी उघडी ठेवली आणि म्हटलं, हा आकडा पावसासाठी थांबणार आहे का ते मला सांगा. रात्रीच शृंगारतळी, मार्गताम्हाणे करत चिपळूण गाठलं. तिथल्या डॉक्टरांनी माझ्याकडे बघायच्या आधी वही मागितली. चष्मा कपाळावर सरकवून, बोटाने ओळ धरून वरपासून खालपर्यंत वाचली. मग सुईने पाणी काढलं, कोऱ्या चहाच्या रंगाचं. ते बघून ह्यांचा आवाज बसला. त्या रात्रीनंतर आमच्या घरात माझ्या वहीवर कुणी हसलेलं नाही.

‘ऑपरेशन यशस्वी झालं म्हणतात, मग मी अशी का?’ असं तू विचारलंस. यशस्वीच झालंय. लहानपणी घसा दुखला, सांधे सुजले, त्या संधिवाताच्या तापाने तुझी झडप खराब केली होती, ती बदलली. त्यानंतर ठोके बिघडणं हे शंभरातल्या वीस ते चाळीस जणांना होतं, झडपवाल्यांना जास्तच. हृदयाच्या आवरणाला सूज येऊन पाणी धरणं हेही काही आठवड्यांनी होऊ शकतं, आणि रक्त पातळ करायची गोळी चालू असली की त्याचा धोका थोडा वाढतो. तू काही चुकलीस म्हणून झालं असं नाही. फाईलवर वाचलं, तुझ्या छातीत चित्रा झडप आहे. तिरुअनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेत डॉ. वलियाथन यांच्या चमूने ती बनवली, पहिली माणसाला बसवली ६ डिसेंबर १९९० ला. त्याआधीच्या तीन रचना फसल्या होत्या. फसलेलं झाकून ‘बरंय’ म्हटलं असतं तर चौथी झाली असती का? तुझ्या आतलं यंत्रसुद्धा नोंदी ठेवणाऱ्यांनी केलेलं आहे, आणि तुला तीन ओळी लिहायचा कंटाळा!

रागावले. असू दे.

आता पाऊस लागलाय, म्हणजे खाण्याचं सांगायलाच हवं. मृगात टाकळा उगवला की आपल्याकडे रोज टाकळा, मग अळूचं फतफतं, शेवग्याचा पाला. हिरव्या पाल्यात के जीवनसत्त्व असतं, ते तुझ्या गोळीच्या उलट काम करतं. म्हणून पालेभाजी सोडायची नाही, आठवडाभर ताटात साधारण तेवढीच ठेवायची. चार दिवस टाकळा आणि पुढचे दहा दिवस नुसती डाळ, हे नको. जास्त खाल्लीस तर तेही वहीत लिही, म्हणजे आयएनआर, रक्त किती पातळ आहे तो आकडा, खाली का आला ते डॉक्टरांना कळेल. तुझा तो अडीच ते साडेतीनमध्ये ठेवायला सांगितलाय ना? प्रत्येक रिपोर्टचा आकडा लाल पेनाने लिही. आणि होड्या बंद म्हणून घरोघर सुकट, सोडे, खारा बांगडा चालू होतो. त्यातलं मीठ सकाळी काट्यावर दिसतं. वास आला की जीव कासावीस होतो, मला माहीत आहे, मी आजही कासावीस होते. डोकं दुखलं तर शेजारणीकडची दुखण्याची गोळी घ्यायची नाही, कुणाचा काढाही नाही. गोळी एखाद्या संध्याकाळी चुकली तर दुसऱ्या दिवशी दोन घेऊ नकोस, खूण रिकामी ठेव. ती रिकामी जागाही डॉक्टरांना कामाची असते.

छातीचं हाड जुळायला तीनेक महिने धर. रहाट ओढायचा नाही, कळशी उचलायची नाही, विळीवर नारळ खवायचा नाही. खोकला आला की उशी छातीशी घट्ट धरून खोक. आत्या आणि काकू लग्नाचं बोलत असतील. बोलू देत. मूल हवंसं वाटेल तेव्हा त्याआधी डॉक्टरांशी बोलायचं, कारण ही गोळी गर्भाला चालत नाही. बाकी कुणाला उत्तर द्यायला तू बांधील नाहीस.

तुला वाटत असेल, मावशीला वहीशिवाय काही सुचत नाही. माझ्या मुलालाही तेच वाटतं. तो म्हणतो डोंबिवलीला ये, हॉस्पिटल दहा मिनिटांवर आहे. मी गेले नाही. हट्ट म्हणतात त्याला. पण तिथे मी गेले असते तर माझं सगळं सुनेच्या मोबाईलमध्ये गेलं असतं आणि मला विचारलं असतं फक्त ‘आई, बरंय ना?’ इथे माझी नाडी माझ्या हातात आहे. नातवाच्या मुंजीलाही गेले नाही, त्या आठवड्यात वजन वर सरकत होतं. तेव्हापासून मुलगा फोनवर फक्त ह्यांच्याशी बोलतो. मुंजीचा फोटो भिंतीवर लावलाय, गोटा केलेलं त्याचं डोकं फार गोड दिसतं, आणि शेजारची खुर्ची रिकामी आहे ती माझी. तरी त्या आठवड्यात पुन्हा वजन तसंच सरकलं तर मी पुन्हा जाणार नाही. त्याला हे मी कधी नीट सांगितलं नाही. तुला सांगतेय, म्हणजे बघ.

पुण्याच्या नोकरीचं आत्ता ठरवू नकोस. तीन महिन्यांची वही भरली की मग ती घेऊन आपण दोघी बसू.

वजनकाटा बाबांबरोबर पाठवते. आमच्याकडे दोन आहेत. सेल नवे घातलेत, पण जमीन सपाट बघून ठेव. तुमच्या पडवीच्या चिऱ्यांवर तो डुगडुगेल, माजघरातल्या लादीवर ठेव. दाढेचं काम करायचंय म्हणालीस ते हृदयाच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय करायचं नाही, आधी प्रतिजैविक घ्यावं लागतं. संधिवाताचा ताप पुन्हा येऊ नये म्हणून घेतेस त्या पेनिसिलिनच्या इंजेक्शनची पुढची तारीख वहीच्या पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरात लिही. सोमवारी रक्त द्यायला जाशील तेव्हा परतताना माझ्याकडे उतर, जेवूनच जा. मीठ कमीच असतं आमच्याकडे. वही घेऊन ये.

तुझी,
मावशी