गव्हाणीतलं गाणं कुणाचं?

प्रश्न : आमच्या गायनवृंदात यंदा ‘अवे इन अ मेंजर’ हे नाताळगीत बसवतो आहोत. आईच्या जुन्या गीतपुस्तकात गाण्याखाली ‘मार्टिन ल्यूथर’ एवढंच छापलं आहे. नव्या पुस्तकात शब्दांपुढे ‘अज्ञात’ आणि चालीपुढे ‘कर्कपॅट्रिक’ आहे. तिसऱ्या एका पुस्तकात चाल कुणा म्युलरच्या नावावर आहे. शिवाय शेवटचं कडवं एका पाद्रीसाहेबांनी तासाभरात लिहून दिलं, असंही ऐकलं. कार्यक्रमपत्रिका छापायला द्यायची आहे. नाव कोणाचं घालू?

उत्तर : ल्यूथरचं, म्हणजे सोळाव्या शतकातल्या त्या जर्मन धर्मसुधारकाचं, घालू नका. बाकीचं सविस्तर सांगते, कारण हा प्रश्न माझाही आहे.

मी बरीच वर्षं लहान मुलांचे गायनवर्ग घेतले. हे गाणं शिकवायच्या आधी दरवेळी एक गोष्ट सांगायचे : विटेनबर्गमधलं घर, बाहेर बर्फ, ल्यूथरच्या मांडीवर ल्यूट हे तंतुवाद्य, भोवती त्याची मुलं, आणि त्यांना झोपवण्यासाठी त्यानं रचलेलं हे गाणं. मुलं गप्प होऊन ऐकायची आणि मग फार छान गायची. ही गोष्ट खरी नाही हे मला कळलं तेव्हा कितीतरी मुलं माझ्या हाताखालून निघून गेली होती. त्या प्रत्येकाला गाठून सांगावं असं वाटलं, आजही वाटतं. म्हणून तुमच्या पत्राचं उत्तर जरा लांबलं तर चालवून घ्या.

ल्यूथरच्या गीतांचा हिशेब बऱ्यापैकी चोख आहे. त्याची तीसपस्तीस गीतं आहेत, ती त्याच्या हयातीतच छापली जात होती, आणि त्याचं सगळं लेखन नंतर अभ्यासकांनी ओळ न् ओळ चाळलं आहे. त्यात हे गाणं कुठंही नाही. मुलांसाठी त्यानं नाताळचं गाणं लिहिलं मात्र जरूर. ‘फोम हिमेल होख’ हे ते गाणं, १५३५ साली छापलेलं, पंधरा कडव्यांचं. नाताळचं बालगीत असंच त्यानं त्याला म्हटलं होतं. आधी देवदूत येऊन बातमी सांगतो, मग मुलं बाळाला बघायला जातात. त्यातल्या एका कडव्यात मुलं बाळ येशूला म्हणतात, तू वाळक्या गवतावर निजला आहेस, ज्या गवतातून बैल आणि गाढव चरले. तेराव्या कडव्यात आर्जव आहे : माझ्या हृदयात स्वतःसाठी मऊ, स्वच्छ अंथरूण घाल आणि तिथं विसाव.

गवत, गुरं, अंथरूण, सगळं इथं आहे. ‘अवे इन अ मेंजर’ ल्यूथरचं असेल यावर लोकांचा चटकन विश्वास बसला, त्याचं एक कारण मला हेच वाटतं. पण दोन्ही गाणी शेजारी ठेवून गाऊन बघा. ल्यूथरच्या गाण्यात शिकवण ठासून भरली आहे. गवतावर निजलेला तो सगळ्या सृष्टीचा प्रभू आहे, हे तो मुलांना विसरू देत नाही. आपल्या गाण्यात शिकवण जवळपास नाहीच. एक बाळ आहे, वर तारे आहेत, गुरं हंबरतात. हा वेगळा हात आहे आणि वेगळं शतकही.

आता छापील पुरावा पाहू. या गाण्याचं आजवर सापडलेलं सर्वांत जुनं छापील रूप २ मार्च १८८२ चं आहे. ते जर्मनीत सापडलं नाही, अमेरिकेत सापडलं, आणि तेही गीतसंग्रहात नव्हे. ‘ख्रिश्चन सायनोशर’ नावाचं शिकागोचं नियतकालिक होतं. फ्रीमेसनांसारख्या गुप्त संघटनांना विरोध करणं हे त्याचं मुख्य काम. त्यातल्या मुलांच्या कोपऱ्यात हे गाणं ‘ल्यूथरचं पाळणागीत’ म्हणून आलं. सोबतची ओळ अशा अर्थाची : हे गीत मार्टिन ल्यूथरनं आपल्या मुलांसाठी रचलं, आणि पुष्कळ जर्मन आया आजही आपल्या चिमुकल्यांना ते गाऊन दाखवतात. पाठवणाऱ्याचं नाव नाही.

ही ओळ लक्षात ठेवा, कारण पुढे ती गावोगाव फिरते. नोव्हेंबर १८८३ मध्ये ती खलाशांसाठी निघणाऱ्या एका मासिकात दिसते. मे १८८४ मध्ये बोस्टनच्या ‘द मर्टल’ या मुलांच्या पत्रात दिसते. १८८७ मध्ये सिनसिनाटीहून निघालेल्या जेम्स आर. मरे यांच्या बालगीतांच्या पुस्तकात तीच ओळ, जवळजवळ त्याच शब्दांत. एवढ्या ठिकाणी लिहिलं आहे म्हणजे खरं असणार, असं वाचणाऱ्याला वाटतं. पण शब्द इतके सारखे आहेत की हे चार साक्षीदार नव्हेत. साक्षीदार एकच, त्याची जबानी चारदा उतरवून घेतलेली.

बोस्टनच्या पत्रातली एक चूक मला फार मोलाची वाटते. मे १८८४ च्या त्या अंकात म्हटलं आहे की ल्यूथरचा जन्म ‘येत्या १० नोव्हेंबरला’ चारशे वर्षांपूर्वी झाला. ल्यूथर जन्मला १० नोव्हेंबर १४८३ रोजी. चारशे वर्षं १८८३ च्या नोव्हेंबरात भरली, म्हणजे अंक निघाला तेव्हा तो दिवस होऊन सहा महिने उलटले होते. मजकूर १८८३ च्या नोव्हेंबरआधी कधीतरी लिहिलेला असणार आणि संपादकानं तो तारीख न बघता उचलला असणार. गाण्याभोवतीच्या गोष्टीचा प्रवास असा, एका अंकातून दुसऱ्यात, न तपासता झाला.

आणि हा काळच तसा होता. ल्यूथरच्या चारशेव्या जयंतीची तयारी अमेरिकेतल्या प्रॉटेस्टंट मंडळींत जोरात होती. घरगुती, मुलांमध्ये रमलेला, हातात ल्यूट घेतलेला ल्यूथर एकोणिसाव्या शतकातल्या चित्रांनी घरोघरी पोचवला होता. नाताळचं झाड पहिल्यांदा त्यानंच सजवलं ही गोष्टही त्याच चित्रांबरोबर फिरत होती, आणि तिलाही त्याच्या काळातला आधार नाही. अशा वेळी एखादं गोड, निनावी पाळणागीत त्याच्या मांडीवर जाऊन बसलं तर नवल नाही. अभंगांच्या बाबतीत हे आपल्या ओळखीचं आहे. कुणीतरी रचतो, आणि शेवटी नाममुद्रा मोठ्या संताची पडते.

हा गुंता पहिल्यांदा नीट सोडवला तो रिचर्ड हिल यांनी. ते वॉशिंग्टनच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या संगीत विभागात काम करत. डिसेंबर १९४५ मध्ये त्यांचा एक लांब लेख प्रसिद्ध झाला. त्यात त्यांनी या एका गाण्याच्या एक्केचाळीस निरनिराळ्या चाली गोळा केल्या होत्या. एक्केचाळीस! ग्रंथपालाच्या चिकाटीला माझा नमस्कार. जर्मन मूळ शोधताना त्यांच्या हाती जी जर्मन संहिता लागली ती १९३४ ची, म्हणजे इंग्रजीनंतर अर्धशतकानं आलेली, आणि तिची भाषा इंग्रजीवरून बेतल्यासारखी अवघडलेली. जर्मन आया पिढ्यान् पिढ्या हे गात होत्या, तर जर्मनीत त्याचा माग का नाही? याला उत्तर नाही.

हिल यांचा अंदाज असा की जयंतीच्या निमित्तानं मुलांसाठी एखादी नाटिका किंवा गोष्ट लिहिली गेली असावी. त्यात ल्यूथर मुलांना हे गाणं म्हणून दाखवतो, आणि पुढे लोकांनी नाटिकेतलं वाक्य इतिहास म्हणून घेतलं. अंदाज सुंदर आहे. मलाही तो बराच काळ पटत होता. पण हिल यांच्यासमोर सर्वांत जुनं रूप होतं ते १८८५ च्या फिलाडेल्फियातल्या एका ल्यूथरपंथीय बालपुस्तकाचं. १८८२ चा अंक हिशेबात घेतला की जयंतीच्या वीस महिने आधीच गाणं आणि गोष्ट दोन्ही एकत्र फिरताना दिसतात. त्यामुळे मी इतकंच म्हणते की शब्द अमेरिकेतले आणि रचणारं माणूस अनाम.

ते माणूस कोण असेल याचा विचार मी फार केला आहे. गाण्यात एक जागा आहे, बाळ जागं होतं पण रडत नाही. धर्मशास्त्र शिकलेल्यांना ही ओळ खटकते. येशू पूर्ण माणूस होता, मग तो इतर बाळांसारखा रडलाच असणार, हे त्यांचं म्हणणं रास्त आहे. लूकच्या शुभवर्तमानात बाळाला कपड्यात गुंडाळून गव्हाणीत ठेवलं एवढंच आहे. रडण्या-न रडण्याचा उल्लेख नाही, आणि हंबरणारी गुरंही नाहीत. पण ती ओळ झोपेला आलेल्या मुलाच्या कानाशी म्हणून बघा. बघ हं, गुरांचा आवाज झाला, बाळ जागं झालं, तरी रडलं का? नाही ना? हे मुलाला निजवणाऱ्याचं बोलणं आहे. रात्री मूल थोपटलेल्या कुणीतरी ते लिहिलं, हे मी पुराव्यानिशी सिद्ध करू शकत नाही, पण गाऊन गाऊन माझी तशी खात्री झाली आहे. आणि म्हणूनच ‘ल्यूथर’ छापलेलं मला सोसत नाही. त्याच्याकडे स्वतःची गाणी भरपूर आहेत. या माणसाचं बहुधा हे एकच होतं.

आता चाल. मरे यांच्या १८८७ च्या पुस्तकात वर ल्यूथरचं नाव आहे आणि चालीपाशी नुसती ‘जे. आर. एम.’ ही आद्याक्षरं. माझ्या मते शब्द त्यांना ल्यूथरच्या नावासकट मिळाले आणि चाल त्यांनी बांधली. वाचणाऱ्यांनी वरचं नाव दोन्हींना लावलं, खालची अक्षरं कुणी पाहिली नाहीत. ही चाल अमेरिकेत सर्वाधिक गायली जाते. पहिली ओळ सरगममध्ये म्हणून बघा : प प म ग ग रे सा सा नि ध प. वरच्या पंचमावरून निघून एकेक पायरी उतरत खालच्या पंचमावर येते, मध्ये कुठं उडी नाही. डोळे मिटत जावेत तशी.

म्युलर हे नाव नंतरच्या पुस्तकांत कुठूनसं शिरलं, ‘कार्ल म्युलर’ असं. असा संगीतकार कुणाला सापडलेला नाही. तरी गीतपुस्तकांत मरे यांच्या चालीला आजही ‘म्युलर’ म्हणतात. नव्या पुस्तकातले कर्कपॅट्रिक मात्र खरे. विल्यम कर्कपॅट्रिक आयर्लंडमध्ये जन्मले आणि अमेरिकेत वाढले. त्यांची चाल १८९५ ची, ती खालून वर चढत जाते आणि ब्रिटनमध्ये हीच प्रचलित आहे. शब्द तेच असल्यामुळे दोन पुस्तकांवरून सराव करणारे गायक पहिल्याच ओळीला दोन दिशांना जातात. तुमच्या वृंदात कोणती चाल ते आधीच ठरवा.

तासाभरात लिहिलेल्या कडव्याबद्दल. सुरुवातीच्या छापील रूपात दोनच कडवी आहेत. तिसरं, ‘प्रभू, माझ्याजवळ राहा’ अशा प्रार्थनेचं, जॉन मॅकफार्लंड या मेथडिस्ट पाद्रींनी १९०४ ते १९०८ च्या दरम्यान लिहून दिलं, असं बिशप विल्यम अँडरसन यांनी सांगितलं होतं. चर्चमधल्या बालदिनाच्या कार्यक्रमासाठी तिसरं कडवं हवं होतं, ते त्यांनी मागितलं आणि तासाभरात मिळालं, अशी ती आठवण. पण तेच कडवं चार्ल्स गेब्रिएल यांच्या १८९२ च्या संग्रहात छापलेलं आहे. म्हणजे ही आठवण प्रामाणिक असली तरी बरोबर नाही. कडवं लिहिणारं माणूस इथंही अनामच.

पुस्तकागणिक एखाददुसरा शब्द बदललेला दिसेल. कुठं बाळ गवताच्या ‘आत’ निजतं, कुठं ‘वर’. तुमच्या वृंदाच्या सवयीचं असेल ते ठेवा, त्यात चूक काही नाही.

कार्यक्रमपत्रिकेसाठी मजकूर देते. ‘पहिली दोन कडवी : अज्ञात, अमेरिका, प्रथम ज्ञात छपाई १८८२. तिसरं कडवं : अज्ञात, १८९२. चाल : जेम्स आर. मरे, १८८७.’ कर्कपॅट्रिकची चाल घेतलीत तर शेवटच्या जागी ‘विल्यम जे. कर्कपॅट्रिक, १८९५’. छापणारा ‘अज्ञात’ हा शब्द जागा वाचवायला गाळू पाहील. त्याला गाळू देऊ नका. आईच्या पुस्तकातलं ल्यूथरचं नाव खोडू नका, शेजारी पेन्सिलीनं १८८२ हे साल तेवढं लिहून ठेवा.