‘तुंबाड’ या भयपटातलं आजीच्या देहातून उगवलेल्या झाडाचं दृश्य पाहून थिएटरात लोक हसतात का?

काही जण हसतात, पण ते हसू भीतीचं असतं. सप्टेंबर २०२४ मध्ये सिनेमा पुन्हा लागला तेव्हा आम्ही तो बेळगावात पाहिला. सिनेमाचा नायक विनायक वाड्यात परततो, तर म्हातारीच्या देहातून झाड फुटलेलं आणि काळीज अजून धडधडतंय! पुढच्या रांगेतली पोरं आधी खिदळली, मग एकदम गप्प झाली. खानापूरहून आलेल्या आमच्या मावशी मात्र पुटपुटल्या, “सोडवा की गं तिला कुणीतरी.” मला तीच खरी दाद वाटते. ती बिचारी मरण मागतेय आणि हा खजिन्याचं गुपित घेऊन मगच तिला जाळतो. झाडापेक्षा त्या सौद्याचीच जास्त किळस येते. (आजीचं काम मोहम्मद समद या मुलाने केलंय, विनायकचा मुलगा पांडुरंगही तोच.) शक्यतो मोबाईलवर पाहू नका, त्या काळोखाला मोठा पडदाच हवा.